घरच्या आवारात खोल समुद्रासाठी लाकडी शिडाची बोट: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

घरी बोट बांधायला घेणाऱ्यांच्या चुका पाहिल्या, तर हत्यार नीट चालवता न आल्याने झालेल्या चुका त्यांत थोड्याच सापडतात. बहुतेक चुका क्रमाच्या असतात. लाकूड सुकण्याआधी ते चिकटवलेले असते, इंजिन येण्याआधी डेक बंद झालेला असतो आणि बोट फाटकातून बाहेर कशी काढायची हा प्रश्न ती रंगवून झाल्यावर पडलेला असतो. पुढील मांडणी साडेसात ते नऊ मीटर लांबीच्या, उलट्या स्थितीत बांधायच्या बोटीसाठी आहे. तिला आतून बल्कहेड (आडव्या भिंती) आणि चौकटी, वरून मरीन प्लाय, इपॉक्सीचे (रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदाचे) सांधे आणि बाहेरून काचेच्या कापडाचे आवरण असते.

फळ्यांच्या सांध्यांत कापूस भरून केलेली पारंपरिक बांधणी मी घरी करणाऱ्याला सुचवत नाही. तिला मुरलेला मिस्त्री लागतो, शिवाय अशी बोट कोरड्या जमिनीवर फार दिवस राहिली की फळ्या आकसून सांधे उघडतात. लाकडी गाभ्यावर काच आणि इपॉक्सीचे आवरण ही पद्धत खोल समुद्रात टिकते, हे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ने दाखवून दिले आहे; नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये तिच्यातूनच एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

## १. नकाशे, परवानग्या आणि वजनाची वही

ज्या आराखड्याच्या बोटी खुल्या समुद्रात प्रत्यक्ष फिरून आल्या आहेत, त्याचेच संपूर्ण नकाशे नौका-आराखडाकाराकडून विकत घ्यावेत. साडेसात मीटरचा आराखडा ताणून नऊ मीटरचा करण्याचा मोह अनेकांना होतो. लांबी, रुंदी आणि खोली १.२ पट केली की आकारमान आणि त्याबरोबर वजन सुमारे १.७ पट होते, आणि खर्च लांबीमागे न जाता वजनामागे जातो. शिवाय मूळ आराखड्यातली शिडाची, कीलची (तळाखालच्या वजनदार कण्याची) आणि जाडीची गणिते त्या क्षणी निरुपयोगी ठरतात.

‘मजबुतीसाठी’ प्लाय जाड घेणे ही दुसरी नेहमीची चूक. परदेशी आराखडे बहुधा ओकुमेसारख्या हलक्या प्लायवर आधारलेले असतात. आठ बाय चार फुटांची १२ मिलिमीटर जाडीची अशी शीट सुमारे १७ किलो भरते. गर्जनसारख्या जड लाकडाची तीच शीट २५ किलोंच्या आसपास जाते. चाळीस शीटमागे हा फरक तीनशे किलोंहून अधिक होतो, आणि त्यातला बराचसा भाग पाणरेषेच्या वर, म्हणजे नको त्या ठिकाणी बसतो. आपल्याला मिळणाऱ्या प्लायचे वजन आराखडाकाराला आधी कळवावे आणि त्याचे लेखी उत्तर आल्याशिवाय खरेदी करू नये.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. बोटीत जाणारी प्रत्येक वस्तू तोलावी, तिचे वजन, पुढून-मागून अंतर आणि उंची त्या वहीत लिहावी.

नोंदणीचे नियम कोणते लागू होतात, याची लेखी विचारणा महाराष्ट्रात महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे लाकूड कापण्याआधी करावी. बांधणीचे टप्प्याटप्प्याचे फोटो आणि मालाच्या पावत्या पुढे तपासणीच्या वेळी उपयोगी पडतात.

## २. जागा आणि बाहेर पडण्याची वाट

बोटीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर आणि दोन्ही अंगांना किमान दीड मीटर मोकळी जागा लागते. छप्पर वादळी पावसात टिकेल असे हवे. प्लास्टिकचा कागद पहिल्याच जोराच्या पावसात फाटतो आणि वर्षभराचे काम भिजते.

छप्पर उभारण्याआधी बोटीच्या रुंदीची आणि उंचीची लाकडी चौकट करावी आणि ती हातात धरून फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जावे. विजेच्या तारा, वळणे, साकव, शेजाऱ्याच्या माडाचे झाप हे सगळे तेव्हाच लक्षात येते. रस्त्यावर २.६ मीटरपेक्षा रुंद भार न्यायला वेगळी परवानगी लागते, आणि या आकाराच्या बहुतेक बोटी त्याहून रुंद असतात.

तपासा: क्रेन उभी करायला जमीन कुठे पक्की आहे? भाताच्या खाचरात क्रेनचे पाय रुततात.

## ३. ओलावा आणि ऋतू

कोकणपट्टीत बांधणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे, कारण इथे झालेली चूक पाच-सहा वर्षांनी उघडी पडते आणि तेव्हा तिची दुरुस्ती जवळजवळ अशक्य असते.

लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल, तर लाकडातला ओलावा कालांतराने १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो; ती ९० टक्क्यांवर गेली की ओलावा २० टक्क्यांपर्यंत चढतो. इपॉक्सीने चिकटवायचे लाकूड ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावे आणि १५ टक्क्यांच्या वर असलेले लाकूड चिकटवूच नये. ओल्या लाकडावर इपॉक्सीचे आवरण चढवले की पाणी बाहेर राहण्याऐवजी आत कोंडले जाते.

म्हणून वर्षाची विभागणी अशी करावी. चिकटवणे, आवरण चढवणे आणि रंग ही कामे नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत उरकावीत. जून ते सप्टेंबर रेखाटन, धातूची कामे, डोलकाठीचे सुटे सामान, विजेच्या तारांचे आराखडे आणि हत्यारांना धार लावणे यांसाठी ठेवावेत. पावसाळ्यात ‘एवढा एकच सांधा’ म्हणून केलेले काम मी नंतर उखडलेले पाहिले आहे.

वखारीतून आणलेली फळी लगेच वापरू नये. उघड्या हवेत सुकायला २५ मिलिमीटर जाडीमागे साधारण एक वर्ष लागते. फळ्या जमिनीपासून अर्धा मीटर वर, मध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून रचाव्यात. त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत आल्या नाहीत, तर फळ्या वाकतात. टोकांना रंग फासावा, नाहीतर टोके आधी सुकून चिरतात.

ओलाव्याचा मीटर जरूर घ्यावा, पण त्याचा आकडा लाकडाच्या जातीप्रमाणे बदलतो, त्यामुळे प्रत्येक खेपेला ओव्हनने एकदा पडताळणी करावी. फळीच्या टोकापासून किमान ३० सेंटीमीटर आतला तुकडा कापावा, अचूक काट्यावर तोलावा आणि १०३ अंश सेल्सिअसला वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवावा. आधीचे वजन ११२ ग्रॅम आणि नंतरचे १०० ग्रॅम आले, तर ओलावा १२ टक्के आहे.

## ४. प्लाय, लाकूड आणि स्क्रू

मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे आणि त्यात ७२ तास उकळण्याची कसोटी आहे. तरीही केवळ शिक्क्यावर विसंबू नये. प्रत्येक खेपेतल्या एका शीटचा तुकडा घरीच तीन दिवस उकळावा आणि थर सुटतात का ते पाहावे. मी पहिल्यांदा आणलेल्या गठ्ठ्यातला तुकडा दुसऱ्याच दिवशी पापुद्र्यासारखा सुटला, आणि शिक्का तर त्याच्यावर होता. मधल्या थरांतल्या पोकळ्या शोधण्यासाठी शीटच्या कडा उजेडात पाहाव्यात आणि पृष्ठभागावर नाण्याने ठोकत जावे. पोकळीवर आवाज बदलतो.

सागाचा केवळ गाभा घ्यावा; बाहेरचा पांढरट भाग लवकर कुजतो. साग तेलकट असल्याने चिकटवायची बाजू त्याच दिवशी रंध्याने ताजी करावी, अॅसिटोनने पुसावी आणि लगेच सांधा करावा.

इशारा: हार्डवेअरच्या दुकानातले पितळी स्क्रू बोटीत वापरू नयेत. खाऱ्या पाण्यात पितळातले जस्त निघून जाते आणि उरलेला स्क्रू बोटाने मोडतो. स्टेनलेसलासुद्धा टिकायला प्राणवायू लागतो, त्यामुळे ओल्या लाकडात कोंडलेला स्टेनलेस आतून गंजतो. प्लाय धरून ठेवण्यासाठी तात्पुरते स्क्रू लावावेत, इपॉक्सी घट्ट झाल्यावर काढावेत आणि भोके भरावीत. स्क्रू निघत नसेल, तर त्याच्या डोक्याला तापलेला सोल्डरिंग आयर्न अर्धा मिनिट टेकवावा.

## ५. इपॉक्सी: आधी सराव, मग बोट

बोटीला हात लावण्याआधी किमान वीस सांधे टाकाऊ तुकड्यांवर करावेत. चार दिवसांनी ते हातोडीने फोडावेत. फुटताना लाकडाचे तंतू उपटले गेले पाहिजेत. सांधा गुळगुळीत सुटला, तर पद्धत चुकली आहे.

रेझिन आणि हार्डनर यांचे प्रमाण तोलून घ्यावे. आकारमानाने दोनास एक असलेले मिश्रण वजनाने दोनास एक नसते, म्हणून डब्यावरचा आकडा कोणता आहे हे नीट वाचावे. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवल्यास मिश्रण कायमचे चिकट किंवा ठिसूळ राहते. वेग हवा तसा मिळवण्यासाठी योग्य हार्डनर निवडावा. आपल्या हवामानाला मंद गतीचाच लागतो. तापमान दहा अंशांनी वाढले की क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, आणि खोल भांड्यात राहिलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने उकळून धुरावते. ढवळून झाल्यावर ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावे.

सांधा करताना दोन्ही बाजूंना आधी साधे इपॉक्सी लावावे, लाकूड ते प्यायले की मग सिलिकाची पूड घालून दाट केलेले मिश्रण लावावे. क्लॅम्प इतकाच आवळावा की मिश्रण कडेने मण्यांसारखे बाहेर यावे. सुतारकामात फेव्हिकॉलचा सांधा जोर लावून आवळायची सवय असलेल्यांचे हात इथे हमखास चुकतात, कारण जास्त आवळल्यास सांध्यात इपॉक्सीच उरत नाही. कोपऱ्यांतल्या गोलाईसाठी लाकडाचे पीठ आणि सिलिका घालावी; हलक्या फुग्यांची पूड फक्त पृष्ठभाग सपाट करण्यासाठी असते, ती भार घेणाऱ्या सांध्यात कधीही घालू नये.

पहिला हात लाकडाचे तापमान उतरत असताना द्यावा. सकाळी दिला, तर तापणाऱ्या लाकडातली हवा बाहेर येऊन बुडबुडे राहतात. मात्र रात्रीचे दव पडण्याआधी थर धरलेला असावा, म्हणून किनाऱ्यावर दुपारी तीन ते पाच ही वेळ सोयीची पडते. दुसऱ्या दिवशी थरावर मेणचट पापुद्रा हाताला लागला, तर तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुवावा. धुण्याआधी पॉलिश पेपर मारल्यास तो पापुद्रा खोबणींत भरला जातो आणि वरचा थर सुटतो.

इशारा: नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मुखवटा यांशिवाय काम करू नये. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा झाली की आयुष्यभर राहते. हाताला लागलेले इपॉक्सी थिनरने पुसल्यास ते त्वचेत आणखी मुरते.

## ६. पूर्ण आकाराचे रेखाटन

नकाशातली मापे कागदावर बरोबर असली, तरी पूर्ण आकारात त्यांत चार-पाच मिलिमीटरची चूक सहज लपलेली असते. पांढरा रंग दिलेल्या प्लायच्या जमिनीवर बोटीची बाजूची, वरची आणि समोरची अशी तिन्ही दृश्ये खऱ्या आकारात काढावीत. बिंदूंवर लवचीक पट्टी खिळ्यांनी धरावी आणि डोळा जमिनीला लावून तिच्या लांबीवरून पाहावे. पट्टी जिथे खिळ्याविरुद्ध ताण घेते, तिथे बिंदू चुकलेला असतो. खिळा काढून पट्टीला तिची जागा घेऊ द्यावी. एकच बिंदू दोन दृश्यांत येतो आणि तिथली मापे दोन मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत. एका दृश्यात दुरुस्ती केली की ती बाकीच्या दोन्हींत नेल्याशिवाय उठू नये.

आराखडाकाराने पूर्ण आकाराचे कागदी नमुने दिले असतील, तरी दमट हवेत कागद फुगतो. प्रत्येक नमुन्यावरची मापाची रेषा पोलादी टेपने मोजल्याशिवाय तो वापरू नये.

तपासा: नकाशातली मापे प्लायच्या बाहेरच्या बाजूची आहेत की आतल्या? बाहेरची असतील, तर चौकटी कापण्याआधी प्लायची जाडी वजा करावी लागते. ही एकच वजाबाकी विसरल्यामुळे पूर्ण बोट दोन्ही बाजूंना फुगते.

## ७. चौकटी उभ्या करणे

पाया म्हणून दोन जाड तुळया जमिनीत रोवलेल्या खांबांना बोल्टने जखडाव्यात. पातळी लांब पारदर्शक नळीत पाणी भरून पाहावी. लहान पाणसळ नऊ मीटरमध्ये चूक साठवत जाते. मध्यरेषा ताणलेल्या बारीक तारेची असावी आणि प्रत्येक चौकट तिला ओळंब्याने जुळवावी. मधल्या स्टेशनच्या (नकाशातल्या आडव्या छेदाच्या जागेच्या) पुढच्या चौकटींची मागची बाजू आणि मागच्या चौकटींची पुढची बाजू स्टेशनरेषेवर ठेवावी, म्हणजे कडा तिरक्या तासताना मूळ माप कापले जात नाही.

स्टेमच्या (नाळेवरच्या उभ्या लाकडाच्या) टोकापासून प्रत्येक चौकटीच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यापर्यंतची अंतरे सारखी यायला हवीत. देशावर काळ्या मातीत बांधणाऱ्यांनी आणि एका पावसाळ्याहून जास्त काळ पाया ठेवणाऱ्यांनी ही मापे दर पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यावीत, कारण माती फुगते आणि खांब वर येतात.

## ८. लांब पट्ट्या, प्लाय आणि आवरण

प्लायच्या शीट जोडताना तिरका सांधा जाडीच्या आठपट लांब ठेवावा, म्हणजे १२ मिलिमीटरला ९६ मिलिमीटर. डाव्या अंगाला एक शीट लागली की त्याच दिवशी उजव्या अंगाला तिची जोडी लावावी. एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळल्यास सगळा सांगाडा पिळतो. नाळेजवळ वळण तीव्र असते, तिथे १२ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरचे दोन थर सोपे जातात. प्रत्येक शीटची आतली बाजू ती बसवण्याआधी इपॉक्सीने बंद करावी आणि कडांना तीन हात द्यावेत, कारण पाणी कडेतूनच शिरते.

पृष्ठभाग सपाट झाला आहे की नाही, हे रात्री ट्यूबलाइट बोटीला चिकटवून धरल्यावर सावल्यांतून स्पष्ट दिसते. कापड तीक्ष्ण कोपऱ्यावर बसत नाही, त्यामुळे कडांना साधारण १० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी. पॉलिएस्टर रेझिन लाकडाला विश्वासाने धरत नाही, म्हणून स्वस्त पडले तरी ते वापरू नये. फायबरग्लासची चटई घेऊ नये, विणलेले कापडच घ्यावे. चटईतले बंधक द्रव्य इपॉक्सीत विरघळत नाही. पुढचा हात आधीचा थर अजून किंचित चिकट असताना द्यावा, म्हणजे मधले धुणे आणि घासणे वाचते.

इशारा: उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा किडा नखाएवढ्या उघड्या जागेतूनही शिरतो. आवरणाला पडलेला प्रत्येक ओरखडा बोट पाण्यात जाण्याआधी बंद झालेला असावा. इपॉक्सी उन्हाने खराब होते, म्हणून त्यावर रंग हवाच.

## ९. बोट उलटवणे आणि डेकच्या आधीची कामे

उलटवताना आतून आडवे टेके द्यावेत, वहीतल्या वजनावरून साखळी-कप्प्या निवडाव्यात आणि बोट जुन्या टायरांवर एका अंगाने सावकाश कलवावी. माणसे भाराच्या खाली उभी राहता कामा नयेत.

बोट सरळ झाली की लोकांना डेक टाकण्याची घाई होते, कारण तेव्हा ती बोटीसारखी दिसू लागते. डेकच्या आधी इंजिन, त्याचा पाया, टाक्या, सीकॉक (तळातल्या भोकांवरचे बंद करता येणारे कॉक), सुकाणूचा दांडा जातो ती नळी, चेनप्लेटचे (डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्यांचे) आधार आणि पुढचे जलरोधक बल्कहेड पूर्ण व्हायला हवे. टाकी नंतर डेकवरच्या झडपेतून (हॅचमधून) बाहेर काढता येईल का, हे पुठ्ठ्याची टाकी करून पाहावे.

डेकवर लागणाऱ्या प्रत्येक बोल्टसाठी भोक आधी मोठे पाडावे, दाट इपॉक्सीने भरावे आणि घट्ट झाल्यावर त्यात योग्य मापाचे भोक पुन्हा पाडावे. हे शेकडो वेळा करावे लागते आणि कंटाळून पंधरा-वीस भोके तशीच सोडली जातात. लाकूड कुजते ते प्रामुख्याने डेकमधून झिरपणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्याने, आणि कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आतल्या प्रत्येक कप्प्याला पाणी तळाकडे वाहून जायला भोक आणि हवा खेळायला वाट असावी.

## १०. कील आणि डोलकाठी

नकाशात शिशाचे वजन असेल, तर त्याऐवजी बीड (ओतीव लोखंड) लावू नये. शिशाची घनता ११.३ आणि बिडाची ७.२ असल्याने तेवढ्याच वजनाला जागा जास्त लागते आणि गुरुत्वमध्य वर येतो. शिसे ओतणे अनुभवी फाउंड्रीकडे द्यावे; साच्यात थोडाही ओलावा असला, तर वितळलेले शिसे स्फोटासारखे उडते.

कील आणि तळ यांचा सांधा समुद्रात सतत काम करत असतो. मुंबईत सागवानात बांधलेल्या ‘सुहेली’तून ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये न थांबता जग फिरले, तेव्हा गळती कीललगतच्या फळीच्या सांध्यातूनच सुरू झाली आणि भर समुद्रात पाण्याखाली उतरून त्यांना ती बुजवावी लागली. कीलचे बोल्ट आतून दिसतील आणि पाना बसेल अशी जागा कायमची मोकळी ठेवावी.

लाकडी डोलकाठीचे तिरके सांधे जाडीच्या बारापट असावेत आणि ते एकाच उंचीवर येऊ नयेत.

## ११. पाण्यात उतरवणे आणि चाचण्या

बोट जमिनीवर असतानाच प्रत्येक झडपेवर पाइपने दहा मिनिटे पाणी मारावे आणि कॉकपिट काठोकाठ भरून ते किती वेळात रिकामे होते हे मोजावे. पाण्यात उतरवल्यावर प्रत्येक सीकॉकपाशी हात लावून पाहिल्याशिवाय क्रेनचे पट्टे सोडू नयेत. बोट आखलेल्या पाणरेषेपेक्षा खाली बसली, तर वही उघडून कारण शोधावे. पाणरेषा वर रंगवून प्रश्न सुटत नाही.

पहिली चाचणी ऑक्टोबरनंतर, पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर जाऊन दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतण्याइतकीच ठेवावी. त्यानंतर एक पूर्ण रात्र, मग सलग तीन दिवस, आणि त्यांत सुकाणू निकामी झाले असे धरून दुसऱ्या साधनाने बोट वळवणे, शिडे कमी करून बोट जागेवर धरणे आणि अंधारात रीफ घेणे (शीड दुमडून लहान करणे) यांचा सराव करावा. जीवनतराफा, ४०६ मेगाहर्ट्झचा नोंदणीकृत आपत्कालीन बीकन, सुरक्षा-पट्टे आणि तुटलेल्या डोलकाठीच्या तारा कापण्याची कातर या वस्तू तीन दिवसांच्या चाचणीआधीच बोटीवर असाव्यात.

पहिला पावसाळा बोटीला किनाऱ्यावर काढू द्यावा. दसऱ्याच्या सुमारास फळ्या उचलून बल्कहेडांच्या तळाशी, चेनप्लेटभोवती, झडपांच्या कोपऱ्यांत आणि ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) खालच्या कडेला मिळून किमान वीस ठिकाणी मीटर टेकवावा आणि आकडे बांधणीच्या वेळच्या नोंदींशेजारी लिहावेत. जिथे आकडा २० टक्क्यांच्या वर गेला असेल, तिथले पाणी कुठून येते हे सापडेपर्यंत लांबच्या प्रवासाची तारीख ठरवू नये.